दोघींचं हळदीकुंकू

आमच्या घरी कुणी पाणी पीत नसे. अण्णा आणि मी प्यायचो, ते सोडा; पण बाहेरचं माणूस आलं तर उंबरा ओलांडायचं नाही, आणि "पाणी देऊ का?" म्हटलं की हमखास उत्तर यायचं, "नको गं बाई, आत्ताच पिऊन निघाले." अख्खं लोणावळं आमच्याकडे यायचं ते घरून पाणी पिऊनच यायचं! आई तळेगावच्या दवाखान्यात होती. तिला काय झालंय त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. शेजारी "ते दुखणं" म्हणत, नातेवाईक पत्रात "प्रकृती" लिहीत, आणि अण्णा तर "तिकडे" एवढंच म्हणत. "रविवारी तिकडे जायचंय, लवकर आवर." शाळेत माझ्या बाकावर मी एकटीच बसायचे. बाईंनी फार प्रेमाने सांगितलं होतं, "तुला ऐसपैस लिहिता येईल." आज पंचाहत्तरी उलटली तरी ऐसपैस हा शब्द मला सोसत नाही. कुणी ऐसपैस घर म्हटलं तरी मला तो बाक आठवतो, आणि मधल्या सुट्टीत त्याच्यावर पसरलेला माझा डबा, ज्यात कुणी हात घालत नसे.

अण्णा वर्तमानपत्रांचे एजंट होते. पहाटेच्या गाडीने गठ्ठे यायचे, ते स्टेशनवर सोडवायचे, बाजारात वाटायचे, खंडाळ्याच्या बंगल्यांवर सायकलने टाकायचे. त्या काळी छोट्या गावात जो पेपरचा एजंट तोच पेपरचा वार्ताहर, अशीच रीत होती. अण्णांच्या बातम्या म्हणजे घाटात दरड कोसळली, अमक्या मंत्र्यांचा तमक्या बंगल्यात मुक्काम, बिबट्याने शेळी नेली. सगळ्या बातम्या "असे समजते"ने सुरू व्हायच्या, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आपण नुसतं समजून घेतलेलं असतं. बातमी लिहून झाली की लांब पाकिटात घालायची आणि दुपारच्या पुणे पॅसेंजरच्या गार्डच्या हातात द्यायची. पुण्याच्या फलाटावर कचेरीचा शिपाई उभा असायचा. तो लिफाफा बहुतेक वेळा मीच पोचवायचे. आमच्या घरात कागदच कागद. फडताळात कागद, खुर्चीवर उशीऐवजी कागद, माझ्या भाकरीच्या टोपलीतसुद्धा तळाला अग्रलेख. भाकऱ्या अशा करपायच्या की अग्रलेख बरा म्हणायची वेळ यायची. अण्णा तेही न बोलता खात. ते न बोलता बरंच काही खात, हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी घरात आवाज म्हणून नसायचा. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं सुटायची तेव्हा शिट्टी व्हायची, मागच्या आळीत चिक्कीचा पाक चढायचा त्याचा वास खिडकीतून आत यायचा, आणि मी चुलीपुढे बसून स्वतःशीच बोलायचे. आधी मनात बोलायचे, मग मोठ्यानं बोलायला लागले. आई असती तर काय म्हणाली असती ते आईच्या आवाजात म्हणायचे आणि माझं उत्तर माझ्या आवाजात. एकदा अण्णांनी ते ऐकलं आणि पायातल्या वहाणा तशाच ठेवून परत बाहेर गेले. एकटेपणा म्हणजे काय हे मला पुढे कुणी शिकवायची गरज पडली नाही. मी फार एकटी होते. आता लिहायला लाज वाटत नाही.

अशात बुधामावशी आली. ती कातकरी बाई, लोहगडाच्या अंगाला त्यांची वाडी होती, तिथून डोक्यावर मोळी घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला यायची. असेल पंचविशीची, पण मी चौदा वर्षांची, मला ती मोठीच वाटायची. पहिल्या दिवशी परसदारी मोळी टाकून म्हणाली, "बाय, पानी दे." मी म्हटलं, "मावशी, आमच्याकडे आजार आहे." ती हसली. "आमच्याकडं तर रोजच हाय. आन पानी." मी कप भरून आणला तर ती ओंजळ पुढे करून ओणवी. तिला वाटलं मी कप देणार नाही. मला वाटत होतं ती कप घेणार नाही. दोघी जणी तशाच उभ्या, कुणी हलेना. शेवटी मी कप तिच्या ओंजळीतच ठेवला. ती घटाघटा प्यायली, कप उलटा करून झटकला आणि म्हणाली, "ग्वाड हाय पानी." त्या दिवसापासून आमच्या घरी पाणी पिणारं एक माणूस झालं.

मग तिचं येणं नेमाचंच झालं. मोळी टाकली की स्वयंपाकघराच्या दारात टेकायची. चहा व्हायचा. भाकरी का करपते, ते तिनं एका नजरेत सांगितलं: "जाळ मोटा नि जीव बारका, मंग काय व्हनार? लाकूड मागं वढ." कुठलं लाकूड धूर करतं, कुठलं तडतडतं, पावसाळ्यात कुठला कंद उकडून खायचा आणि कुठला खाल्ला तर घसा धरतो, असं तिचं चालू असायचं. तिच्या बोलण्यात सारखा एक "ह्यो" यायचा. ह्यो असं म्हनला, ह्येच्यानं मधाचं पोळं काढलं, आमचा मानूस लय भित्रा, इच्चू बगितला की झाडावर चढतो. मी ऐकत राहायचे, कारण ती त्याच्याबद्दल बोलताना गालातल्या गालात हसायची आणि आमच्या घरात तेवढंच हसू होतं. एकदा मी सहज विचारलं, "नाव काय गं त्यांचं?" तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "आगं बाय बाय! मालकाचं नाव बायकूनं घेतलं की मानसाचं आविष्य तुटतं. माज्या भनीनं भांडनात घेतलं, त्याच साली दाजी ग्येला." मी तिला हसले नाही. आमच्या आळीतल्या शिकल्यासवरल्या बायका तरी कुठे घ्यायच्या? त्यांचंही "अहो" आणि "इकडून"वरच भागायचं.

दिवाळी झाली की कातकऱ्यांच्या वाड्या रिकाम्या होत. कोळशाच्या भट्ट्यांवर मुकादम सगळ्यांना घेऊन जायचा, होळीपर्यंत वाडीत कुत्रंसुद्धा नसायचं. त्या वर्षी बुधामावशी आणि तिचा मालक मागे राहिले, कारण त्याला खंडाळ्याच्या एका शेठच्या बंगल्यावर गवत कापायचं काम लागलं होतं. ती खूश होती. "औंदा भट्टीचा धूर न्हाई बाय, बंगल्याची हवा!" अशी थट्टा करायची, जणू बंगला तिनंच घेतलाय. आणि संक्रांतीच्या आधी बंगल्यातलं चांदीचं तबक हरवलं. बंगल्यात पाहुणे होते, ड्रायव्हर होते, आचारी होता, पण चौकीवरून माणसं आली ती थेट गवतावर गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी तोवर शाळेच्या पुस्तकातच वाचली होती. त्याला नेताना पाहणारी एकटी बुधामावशीच.

ती आली तेव्हा मोळी नव्हती. मोळीशिवाय मी तिला पहिल्यांदाच पाहिली, ओळखूच आली नाही क्षणभर. "माज्या मानसाला न्येलं," एवढंच म्हणाली. मी तिला चहा दिला, तो तिनं घेतला नाही. अण्णा जेवायला आले होते. त्यांनी दारातून सगळं ऐकलं, हात धुतले, पुसले, परत धुतले. मग म्हणाले, "बाई, नाव काय त्याचं?" तिनं नुसती मान हलवली. "अहो, नाव नसेल तर कशाची बातमी? एका इसमास नेले, असं लिहू? कोण इसम? नावाशिवाय बातमी होत नाही." आणि मला आत बोलावून हळू आवाजात, "कुमुद, हात दाखवून अवलक्षण करू नकोस. त्या बंगल्यावर आपला पेपर जातो. चौकीवरून मला बातम्या मिळतात." मी म्हटलं, "पण अण्णा, तो काही चोर नाही. तो विंचवाला भिऊन झाडावर चढतो." माझा हा पुरावा ऐकून अण्णा सायकल काढून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर खंडाळ्याच्या चौकीवर गेले. ती पायऱ्यांच्या खाली उभी राहिली, वर चढायची तिची छाती होईना, म्हणून मीही खालीच. व्हरांड्यात दोघं-तिघं हवालदार ऊन खात बसले होते. एक जण म्हणाला, "कालचीच ना ही? काय गं, आठवलं का नाव?" बुधामावशीनं हात जोडले. "सायेब, तुमास्नी ठावं हाय. तुमीच न्येलात."

"आम्ही कुणालाच नेलेलं नाही. नाव सांग, वहीत बघतो. नाव नाही, तर माणूस नाही."

"उंच हाय सायेब. डाव्या भिवईवर खून हाय."

"खुणेवरून गुरं शोधतात बाई!" दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. मग पहिल्याला सुचलं. "अगं उखाणा घे, उखाणा! संक्रांतीचे दिवस आहेत. घे पाहू, लाजू नको." त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बुधामावशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. नाव त्यांना ठाऊक होतं हो! ज्याला नेलं त्याला आधी नावच विचारलं असणार. पण त्यांना गंमत हवी होती, आणि तक्रार तर नको होती. मी तिथे काय बोलले? काहीच नाही. दातओठ खात उभी राहिले. मग आम्ही बंगल्यावर गेलो. फाटकावरचा माळी बरा माणूस होता. मी त्याला विचारलं, "मामा, गवत कापायला होते त्यांचं नाव काय?" तो डोकं खाजवत म्हणाला, "नाव? आम्ही त्याला ए कातकरी म्हणायचो. ओ द्यायचा की." परत येताना रस्त्यानं बुधामावशी एकच वाक्य बोलली. "त्ये मारत्यात, बाय. मागच्या भिताडाकडनं मला वरडनं आयकू आलं."

पुढे आयुष्यभर मी जे काम केलं त्याला मोठमोठी नावं आहेत. मानवाधिकार म्हणा, जनसंपर्क म्हणा, माध्यमांतली बाजू मांडणं म्हणा. माझ्या कार्डावर काहीबाही छापलेलं असे आणि ते वाचून लोक सावरून बसत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! कामाचा गाभा म्हणाल तर एवढाच की ज्याला नेलंय त्याचं नाव छापून आणायचं. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मला मागे "नाव-काय बाई" म्हणायची, मला ठाऊक आहे. कुणी निवेदन घेऊन आलं, तीन पानी घेऊन आलं, की मी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, नाव काय? आणि ते कुणी सांगितलं? हा दुसरा प्रश्न माझ्याइतक्या हट्टानं विचारणारं कुणी मला भेटलं नाही. का विचारायचे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही तिकडे गेलो. तळेगावच्या त्या दवाखान्यात भेटणाऱ्यांनी कठड्याच्या अलीकडे उभं राहायचं आणि आजाऱ्यांनी पलीकडे खाटेवर बसायचं. अण्णा दोन मिनिटं उभे राहत, औषधाचं विचारत आणि बागेत जाऊन बसत. मग आई आणि मी. ती मला तिथूनच स्वयंपाक शिकवायची. पीठ कोमट पाण्यात मळ, तिळाला लाल होऊ देऊ नकोस, असं सगळं ओरडून, मध्ये खोकला. त्या दिवशी ती उलट मजेत होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. "अगं, आम्ही हळदीकुंकू केलं! आमचं आम्हीच, वॉर्डात. सगळ्यांनी उखाणे घेतले. ज्यांचे नवरे वर्ष-वर्ष फिरकले नाहीत त्या तर एवढ्या मोठ्यांदा नावं घेत होत्या!" ती हसली आणि खोकली आणि परत हसली. मी विचारलं, "आई, एरवी नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं, मग उखाण्यात घेतलं तर कसं चालतं?"

"चालतं की. तिथे आपण घेत नाही, आपल्याला मागतात. मान असतो तो. पाटावर बसवून, हळदीकुंकू लावून, सवाष्णीला विचारतात, तेव्हा घेतलेलं नाव बाधत नाही."

"आणि कुणी चेष्टेनं मागितलं तर?"

आई माझ्याकडे बघत राहिली. "कुणी मागितलं गं चेष्टेनं?" मग मी तिला कठड्यावरून सगळं सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "फडताळात वरच्या फळीवर माझा करंडा आहे. बघ कुंकू वाळलं असेल, थोडं खोबरेल घाल." बस्स. गाडीत अण्णांनी विचारलं आई काय म्हणाली, मी म्हटलं, तीळ लाल होऊ देऊ नकोस म्हणाली.

आमच्या घरात आई दवाखान्यात गेल्यापासून हळदीकुंकू झालं नव्हतं. केलं असतं तरी आलं कोण असतं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी घर सारवलं, रांगोळी काढली, ती वाकडी आली, पुसून पुन्हा काढली. तिळगूळ केला तो असा झाला की खलबत्त्यात कुटावा. वाण म्हणून द्यायला काही नव्हतं, तेव्हा तो कप ठेवला, तिच्याच ओंजळीतला. बुधामावशी चौकीवरून परतली ती परसदारी नेहमीच्या जागी टेकायला लागली. मी म्हटलं, "तिथे नाही. आत ये. पाटावर बस." ती म्हणाली, "बाय, डोकं फिरलं का तुजं? येळ काय नि तुजं काय." मी तिचा हात धरला. "संक्रांत आहे. आमच्याकडे कुणी सवाष्ण येत नाही. तू बस." तेव्हा ती आली. पाटाच्या कडेला, अर्धी पाटावर आणि अर्धी जमिनीवर, जणू पाट मोडेल. मी म्हटलं, "नीट बस गं," तेव्हा सरकून बसली. मी पोरसवदा, माझं लग्न नाही काही नाही, मला ते सगळं करायचा अधिकार होता की नव्हता कोण जाणे. मी हळद लावली, कुंकू लावलं. तिचं कपाळ तापलेलं होतं. हातावर तिळगूळ ठेवला. आणि आई जशी शेजारणींना म्हणायची तसं म्हटलं, "नाव घ्या."

ती समजली. एकदम समजली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज नाही. "बाय, त्येला काय झालं तर?"

मी म्हटलं, "मावशी, आईनं सांगितलंय. मानानं मागितलेलं नाव बाधत नाही." आईनं सांगितलंय म्हटल्यावर मला स्वतःला धीर आला. चूल विझत आली. मागच्या आळीत कुणीतरी पातेलं खरवडत होतं. मग तिनं पदर डोक्यावरून पुढे घेतला, दोन्ही हात पाटाला टेकवले आणि हळूच, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"डोईवर मोळी, पायाखाली वाट,
अमक्याचं नाव घेते, बायनं मांडला पाट."

अमक्याच्या जागी तिनं नाव घेतलं. साधंच नाव होतं, आमच्या वर्गात त्याच नावाचे दोन मुलगे होते. घेतलं आणि तिनं तोंड झाकून घेतलं, मग कप घेतला, मग माझा हात घट्ट धरला. "त्येला कळाया नगं मी घेतलं म्हनून. मरंस्तोवर कळाया नगं. आन् तू बी पुन्यांदा घेऊ नगं. एकदाच जाऊन सांग तुज्या बाला नि इसरून जा." मी आईची शपथ घेतली.

अण्णा पुढच्या खोलीत पेपरच्या घड्या घालत होते. मी जाऊन म्हटलं, "अण्णा, नाव मिळालं," आणि ते सांगितलं. त्यांनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला नाव नको होतं गं, कुमे," ते म्हणाले. "नाव नाही म्हणून बरं चाललं होतं." त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं. माझे अण्णा भित्रे होते आणि त्यांनी ते मला सरळ सांगितलं. असं सांगणारे बाप किती असतात? मी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी टाक उचलला. लोणावळा, आमच्या वार्ताहराकडून. बातमी आठ-दहा ओळींची होती. कुणाला, कुठून, कुणासमोर नेलं, आणि त्याची बायको रोज चौकीच्या पायऱ्यांशी उभी असते. त्यात "असे समजते" एकदाही नव्हतं. पाकीट मी पॅसेंजरच्या गार्डला दिलं आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत फलाटावर उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा अण्णांनी फलाटावरच फोडला. आतल्या पानावर, कोपऱ्यात, पण होतं. नावासकट होतं. त्या दिवशी त्यांनी पेपर वाटले ते उशिरा. आधी एक प्रत काखेत मारली, आम्हा दोघींना बरोबर घेतलं आणि चौकीच्या पायऱ्या चढून वर गेले. मी अण्णांना पायऱ्या चढताना पाहिलं आणि मला ते एकाएकी उंच वाटले. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. बाहेर येऊन मोठा हवालदार म्हणाला, "चौकशीला बोलावलं होतं, सोडणारच होतो. छापायची काय घाई होती, पेपरवाले?" काल नसलेला माणूस आज सापडला होता.

मग तो आला. उंच, डाव्या भिवईवर खूण. एका हातानं दुसरा हात उचलून धरला होता, त्या हाताची बोटं अशी सुजली होती की मिटत नव्हती. बुधामावशी जागची हलली नाही, नुसती बघत राहिली. हवालदारानं जाता जाता पेपर त्याच्या तोंडापुढे नाचवला. "बघ, तुझं नाव छापून आलंय!" तो माणूस त्या कागदाकडे बघून घाबरला. मारापेक्षा जास्त घाबरलेला दिसला. पायऱ्या उतरून खाली आला आणि बुधामावशीला विचारलं, "माजं नाव कुनी घेतलं?"

ती खाली बघत होती. तिच्या कपाळावर माझं कुंकू तसंच होतं, थोडं ओघळलेलं.

"मी," मी म्हटलं. "मी सांगितलं अण्णांना."

"तुला कुटनं कळलं, पोरी?"

"तुमच्या वाडीतली एक म्हातारी बाजारात भेटली होती. तिनं सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. त्याची वाडी भट्टीवर गेलेली, म्हातारी कुठली यायला बाजारात? पण त्याला ते मानायचं होतं, मला दिसत होतं. "आस्सं व्हय," तो म्हणाला. "मंग काय न्हाई. मला वाटलं..." बुधामावशीनं तेव्हा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

ते दोघं त्याच दिवशी घाट उतरून कोकणात गेले. इथे राहिले असते तर पुढचं तबक हरवल्यावर पुन्हा त्यालाच नेलं असतं, हे सांगायला शहाणा लागत नव्हता. निघताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तो कप तिच्या कनवटीला पदरात बांधलेला होता. शेठच्या बंगल्याचा पेपर बंद झाला, चौकीवरच्या बातम्या बंद झाल्या, अण्णांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तबकाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. आई पुढच्या पावसाळ्यात गेली. तिनं त्या दिवसाबद्दल विचारलं होतं तेव्हा मी कठड्यावरून ओरडून सांगितलं, सापडला, आणि तिनं वॉर्डातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, माझ्या मुलीनं हळदीकुंकू केलं.

माझ्या आठवणींच्या या पुस्तकाचं काम बघणाऱ्या मुलीचा परवा फोन आला. हुशार आहे, बारीक वाचते. म्हणाली, "बाई, या प्रकरणात एक नाव राहिलंय. उखाण्यात 'अमक्याचं' झालंय, तेवढं भरून द्या." मी म्हटलं, राहिलेलं नाही, ठेवलंय. ती म्हणाली, "पण बाई, तुम्हीच तर..." मी म्हटलं, हो, मीच. आणि फोन ठेवला. तो पेपर कुठल्या तरी ग्रंथालयात असेल, कुणाला हवं असेल तर शोधेल. माझ्या तोंडून नाही.

बुधामावशी कोकणात गेली, त्याच्या पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा घर सारवलं. रांगोळी आता सरळ यायची, तीळ लाल होत नव्हते, भाकरी तर अशी फुगायची की अण्णा एक जास्त घ्यायचे. मी पाट मांडला, करंडा ठेवला, परसदार उघडं टाकून दुपारभर बसले. मोळीवाल्या दुसऱ्या बायका वाटेनं गेल्या, मी हाक मारली नाही. ऊन उंबऱ्यावरून सरकलं, गाडीची इंजिनं सुटल्याची शिट्टी झाली. तेव्हा मी रिकाम्या पाटाला हळदीकुंकू वाहिलं आणि आधी माझ्या आवाजात म्हटलं, नाव घ्या. मग तिच्या आवाजात म्हटलं, डोईवर मोळी, पायाखाली वाट. आणि तिथेच थांबले, कारण शपथ होती.